अंगणवाडीवरची वाळकी फांदी : एका पावसाळ्याचा प्रकरण अभ्यास

मे महिन्याच्या मासिक सभेत आमच्या ग्रामपंचायतीने ठराव घेतला : ‘जि. प. प्राथमिक शाळेच्या आवारातील चिंचेचे धोकादायक झाड तोडणेस व पटांगणाचे सपाटीकरण करणेस ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.’ सूचक, अनुमोदक, सह्या, शिक्का. ठराव मीच लिहिला, कारण त्या गावचा सचिव मी. त्यातल्या ‘झाड’ या एका शब्दाने पुढचे पाच महिने आम्हाला कसं कामाला लावलं, ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. माझ्यासारखे शेकडो सचिव दर उन्हाळ्यात असाच ठराव लिहितात.

गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीच्या बाजूचं. धानाचा मुलूख. गावाला मालगुजारी तलाव आहे आणि शाळेच्या मागे एक बोडी, म्हणजे छोटं तळं. बोडीच्या पाळीला लागून ही चिंच, शाळेच्या इमारतीपेक्षा कितीतरी जुनी. तिची एक जाड फांदी वाळून कोळ झालेली, आणि ती नेमकी अंगणवाडीच्या टिनांवर आलेली. मागच्या वर्षी वादळात तिचा एक हातभर तुकडा खाली पडला होता, तेव्हापासून आया-बायांच्या जिवाला घोर. ती भीती खरी होती. या प्रकरणात कोणीही उगाच झाडावर उठलेलं नव्हतं, हे आधीच सांगतो.

सपाटीकरणाचं काम सोपं वाटत होतं, म्हणून ते आधी घेतलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात गावातल्याच एका पोराचा ट्रॅक्टर ब्लेड लावून पटांगणात आला. अर्धं पटांगण झालं आणि त्याने ट्रॅक्टर थांबवून मला फोन केला. “साहेब, इथं टिटवी लय बोंबलून रायली. अंगावर येते. काय करू?” मी पोचलो तेव्हा दोन टिटव्या ट्रॅक्टरच्या डोक्यावर घिरट्या घालत होत्या. पोरगा खाली उतरून एका जागी उभा होता आणि पाय हलवायला तयार नव्हता. त्याच्या चपलेपासून दीड हातावर चार अंडी होती. मातकट रंगाची, त्यावर काळपट डाग, टोकं आत वळवून मांडलेली. घरटं म्हणण्यासारखं काहीच नाही. मुरमात जराशी खोलगट जागा, कडेने खडे आणि शेळीच्या लेंड्या. मी स्वतः आदल्या दिवशी त्या जागेवरून चालत गेलो होतो आणि मला काही दिसलं नव्हतं.

इथे मी पहिली चूक केली. चांगल्या हेतूने केली, म्हणून जास्त लक्षात राहिली. चार खुंट्या ठोकल्या, लाल कापड बांधलं, वरून पळसाच्या डहाळ्यांची सावली केली आणि समाधानाने व्हरांड्यात जाऊन बसलो. दुपारचा एक वाजला होता, पारा चव्वेचाळीसच्या पुढे. टिटवी परत येईना. ती वीस पावलांवर उभी राहून ओरडायची, दोन पावलं यायची, पुन्हा मागे फिरायची. बोडीवर शेळ्या चारणारी एक आजी तिथून जात होती. तिने एकदा त्या मांडवाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. “काहाडा जी ते. तिले भेव वाटून रायलं. अंडे उकडून जातीन.” आम्ही डहाळ्या आणि कापड काढलं आणि मागे सरकलो. पाच-सात मिनिटांत पक्षी आला. पण थेट अंड्यांवर न बसता आधी बोडीकडे गेला, पाण्यात पोट बुडवून आला आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसला. तासाभरात तो आणि त्याचा जोडीदार आळीपाळीने तीनदा तसंच करून आले. विदर्भाच्या उन्हात टिटवी अंडी उबवते त्याहून जास्त ती त्यांना थंड ठेवते, हे मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पाहिलं.

खुंट्या मग पंधरा पावलं दूर नेऊन ठोकल्या, नुसती सुतळी बांधली आणि पटांगणाचा तेवढा कोपरा सोडून दिला. ट्रॅक्टरवाल्या पोराला राहिलेल्या कामासाठी जूनअखेर परत बोलावलं. त्याने फेरीचे पैसे वेगळे घेतले नाहीत. १४ जूनच्या सकाळी चारपैकी तीन अंडी फुटली. पिल्लं त्याच दिवशी पायांवर चालत आई-बापाच्या मागे बोडीकडे निघून गेली. चौथं अंडं तिथेच राहिलं. टिटवीची पिल्लं घरट्यात राहत नाहीत, त्यामुळे तो कोपरा आता मोकळा झाला. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आपल्याकडे म्हणतात. या टिटवीने सपाट पटांगणात घातली होती, म्हणून गावात तीन आठवडे पावसाच्या अंदाजावर वाद चालला.

चिंचेचं प्रकरण याहून अवघड होतं.

चिंच ही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतली आहे. आंबा, मोह, साग, जांभूळ, हिरडा, बिजा, तिवस, ऐन, हळदू, खैर हीही त्याच यादीत आहेत. असं झाड ग्रामपंचायतीच्या आवारात असो की स्वतःच्या धुऱ्यावर, तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ठरावात ‘झाड तोडणे’ होतं, म्हणून मी परवानगीचा प्रस्ताव अख्ख्या झाडाचाच पाठवला आणि उत्तराची वाट पाहत बसलो. दुसरीकडे झाडावर चढणारे दोन्ही माणसं तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर गेलेले. मेचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा असाच गेला. त्या दिवसांत चिंचेवर एकही घरटं नव्हतं. ठरावात मी ‘वाळलेली फांदी’ लिहिलं असतं, वनपालांना जागेवर बोलावून फांदी दाखवली असती, तर काम मेमध्येच उरकलं असतं. हे पंधरा दिवस मी घालवले.

मृगाला दोन दिवस असताना गायबगळे यायला लागले. एरवी पांढरे असणारे हे पक्षी या दिवसांत डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी होतात. नांगरामागे, म्हशीमागे फिरणारे हेच बगळे. नांगराच्या फाळाने वर आलेले नाकतोडे, अळ्या, बेडकं वेचतात. संध्याकाळी पंचवीस-तीस बगळे चिंचेवर उतरायचे, तोंडात काड्या. त्यांच्यासोबत काही वंचक आणि पाणकावळे. परवानगीचं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका मॅडमनी शाळेच्या गच्चीवरून मोजून सांगितलं : चौदा घरटी.

ग्रामसभेत गोंधळ झाला. एका पालकाने उभं राहून विचारलं, “काहून जी सचिव, बगळ्यापायी लेकराच्या डोक्यावर फांदी पाडता का?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. परवानगी हातात आहे, माणसं परत आली आहेत, मग अडचण कुठे? मी म्हटलं, दोन दिवस द्या. दुसऱ्या दिवशी वनपाल साहेबांना गाडीवर बसवून आणलं.

त्यांनी झाडाखाली उभं राहून जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, नंतर कायद्याचं पुस्तक काढून ताडून पाहिलं. वृक्षतोडीची परवानगी झाडापुरती असते, झाडावरच्या जिवांना ती लागू होत नाही. त्यांच्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे. शिकार म्हटलं की आपल्याला बंदूक आणि फासे आठवतात. पण या कायद्याच्या कलम २ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी खराब करणं आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही येतं. कलम ९ ने अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार बंद केली आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने लावल्या आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बगळे, वंचक, पाणकावळे, टिटवी यांच्यासारखे गावातले नेहमीचे पक्षी दुसऱ्या अनुसूचीत येतात. त्यांच्या बाबतीत गुन्हा झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला पक्षी असेल, म्हणजे शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांत घरटं करणारा सारस, तर कैद किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं.

“घरटं पाडलंच पाहिजे असं नाही साहेब,” वनपाल म्हणाले, “घरट्याशेजारी करवत चालवून पक्षी अंड्यावरून उठवले, तरी ते त्रास देण्यातच येतं.” आणि करवत धरणारा माणूस आधी सापडतो, ठराव लिहिणारा नंतर. हे ऐकून फांदी तोडायला आलेले दोघंही एक शब्द न बोलता दोर गुंडाळायला लागले. त्यांना दोष कसा देऊ? तीनशे-चारशे रुपयांच्या मजुरीसाठी कोण आपल्यावर गुन्हा ओढवून घेईल?

हा काही कागदावरचा धाक नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेलं झाड पाडलं. पिल्लं रस्त्यावर पडून मेली आणि वन विभागाने गुन्हा नोंदवला. ते पाडतानाचं चित्रण देशभर फिरलं. आम्ही ते ग्रामपंचायतीच्या मोबाइलवर पाहिलं तेव्हा सरपंचबाईंनी मध्येच फोन उलटा ठेवला.

एक गोष्ट मी वनपालांना खोदून विचारली : मग तोडायचे महिने कोणते? कायद्यात तारखा असतील असं मी धरून चाललो होतो. तशा काही तारखा नाहीत. कायद्याला महिना कळत नाही, त्याला घरटं कळतं. विदर्भात तर पूर्ण रिकामा महिनाच सापडत नाही. हिवाळ्यापासून घारींची घरटी सुरू होतात. जानेवारी ते एप्रिल राघू ढोलीत असतात, त्याच सुमारास पिंगळे. मार्चपासून टिटवी उघड्या जमिनीवर. पावसाळा लागला की बगळे, सुगरणी, आणि गवतात वटवटे, मुनिया. घरटी सर्वांत कमी सापडतात ती दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत. तेव्हासुद्धा झाडाखाली उभं राहून वर बघावंच लागतं.

मग चर्चा फांदीवरून अंगणवाडीकडे वळली, आणि त्याचं श्रेय अंगणवाडी सेविकेला. ती म्हणाली, “फांदी राहू द्या न साहेब, लेकरं हलवा.” इतकं साधं होतं. वाळकी फांदी मोकळ्या जागेवर पडली तर जळतण होते. ती धोकादायक ठरते कारण तिच्याखाली मुलं बसतात. अंगणवाडी पाच महिन्यांसाठी समाजमंदिरात हलवली. पोषण आहाराचं सामान, वजनकाटा, तक्ते एका बैलगाडीत गेले. जुन्या खोलीभोवती आणि फांदीच्या पडझडीत येणाऱ्या जागेत काटेरी तारेचं कुंपण घातलं. वनपालांसमोर पंचनामा केला : कोणत्या बाजूला किती घरटी, वाळकी फांदी कोणती, तिच्यावर घरटं आहे का. घरटं नव्हतं. बगळे पानांच्या आडोशाला बसतात, वाळक्या फांदीवर एकही नव्हता. पण फांदीच्या मुळाशी एक ढोली होती. वनपालांच्या सांगण्यावरून मी आणि शिपाई दोन संध्याकाळ तिच्यासमोर अंधार पडेपर्यंत बसलो. काही बाहेर आलं नाही, आत गेलं नाही. तेही लिहून ठेवलं.

फांदीवर घरटं नाही, ढोली रिकामी, मग ती तेवढीच का नाही काढली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. सर्वांत जवळचं घरटं फांदीच्या बेचक्यापासून आठ-नऊ फुटांवर होतं. माणूस चढला असता तर त्याचं डोकंच घरट्याच्या उंचीला लागलं असतं. बगळ्याची अंडी तीन आठवड्यांच्या वर उबवावी लागतात, आणि ती काटक्यांच्या चाळणीवर असतात. मोठे पक्षी उठले की कावळे टपलेलेच. मुलं खाली बसत असती आणि त्यांना हलवायला जागा नसती, तर मी वरिष्ठ वन अधिकाऱ्यांकडे लेखी परवानगी मागितली असती.  आमच्याकडे समाजमंदिर रिकामं होतं, म्हणून त्या वाटेला जायची गरज पडली नाही.

वीज कंपनीची माणसं जूनच्या शेवटी आली. चिंचेची शेंड्याकडची दोन फाटी तारांना घासत होती. तारांच्या आड येणाऱ्या झाडाबद्दल वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६८ मध्ये तरतूद आहे, त्यामुळे त्यांना नुसतं ‘थांबा’ म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. ओल्या झाडातून उतरलेला करंट मुलांनाही लागतो, बगळ्यांनाही. लाइनमन गावातलाच जावई होता. त्याला पंचनाम्याचा नकाशा दाखवला. त्याने लाइन बंद करून सकाळी सातला लांब काठीच्या आकडीने नेमकी ती दोन फाटी ओढून काढली, बाकी झाडाला हात लावला नाही. वीस मिनिटांचं काम. उघड्या तारांच्या जागी एबी केबल, म्हणजे आवरण असलेली तार टाकावी म्हणून ग्रामपंचायतीने प्रस्ताव दिला आहे.

जुलैत घरट्यांची संख्या एकतीस झाली, ऑगस्टच्या सुरुवातीला अठ्ठावन्न. ही मोजणी चौथीच्या वर्गाने दर सोमवारी केली. आणि आता ज्याबद्दल कोणी लिहीत नाही ते : घाण. चिंचेखालची जमीन पांढरी झाली. वास समाजमंदिरापर्यंत यायचा, पावसाची झड थांबून ऊन पडलं की जास्तच. अर्धवट पचलेले मासे वरून पडायचे. हातपंप चिंचेच्या अगदी कडेला, बाया डोक्यावर सुपं धरून पाणी भरायच्या. जे लोक पक्ष्यांसाठी थांबा म्हणतात त्यांनी हा त्रास कोणाच्या डोक्यावर पडतो ते बघायला हवं. आमच्या गावात तो पाणी भरणाऱ्या बायांच्या डोक्यावर पडला. हातपंपावर आम्ही ताडपत्रीचं छत केलं, वाटेवर दर आठवड्याला चुना टाकला, शाळेत हात धुवायला साबणाची व्यवस्था वाढवली. हे जूनमध्येच सुचायला हवं होतं. सुचलं जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन बायांनी ग्रामपंचायतीत येऊन मला चांगलंच सुनावल्यावर.

पिल्लं पडायची. गावातले कुत्रे तिथेच मुक्कामाला. पोट्टे पिल्लू उचलून घरी न्यायचे, भात भरवायचे, ते मरायचं. मॅडमनी मुलांना शिकवलं : हात लावायचा नाही, शिपाई काकांना सांगायचं. पिल्लू धडधाकट असेल तर खालच्या फांदीवर ठेवायचं, जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन. सगळी वाचली नाहीत.

गवताचं काम मात्र थांबवायचं नव्हतं. सापाची भीती होती, शाळा सुरू झाली होती. तरोटा आणि गाजरगवत पटांगणात कमरेइतकं वाढतं. आधी एक माणूस काठीने गवत हलवत रांगेत चालायचा, मागून कटर. एका कोपऱ्यात पानं शिवून केलेलं वटवट्याचं घरटं सापडलं, तेवढा वाफा सोडला. तणनाशक फवारायचं नाही, पालापाचोळा जाळायचा नाही, हे कार्यारंभ आदेशातच लिहिलं. गवतासाठी एवढंच.

२३ जुलैच्या रात्री वादळ आलं आणि वाळक्या फांदीचा शेंडा तुटून अंगणवाडीच्या दोन टिनांमधून आरपार गेला. खोली रिकामी होती. सकाळी तिथे जमलेल्या माणसांत दोन्ही प्रकारचे लोक होते. काही गप्प उभे होते, कारण आपलं लेकरू कुठे बसायचं ते त्यांना आठवत होतं. काही म्हणाले, बगळ्यापायी गावाचे टिन गेले. टिनांचा खर्च सामान्य फंडातून झाला. त्यावर लेखापरीक्षणात विचारणा झाली, तेव्हा पंचनाम्याची प्रत जोडली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी चौथीच्या वहीत शून्य लिहिलं गेलं. आम्ही आणखी एक आठवडा थांबलो. मग सभेत जुना ठराव बदलला. आता त्यात ‘चिंचेची अंगणवाडीकडील वाळलेली फांदी, घरटी नसल्याची स्थळपाहणी करून, काढणेस’ असं आहे. झाड तोडण्याची परवानगी वापरलीच नाही. हातपंपाच्या बाजूच्या दोन हिरव्या फांद्यांची टोकंही वनपालांना विचारून कमी केली, म्हणजे येत्या पावसाळ्यात पाण्यावर घरटी येणार नाहीत. दरवर्षीची पाहणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, असं कामांच्या वार्षिक यादीत घातलं.

नोव्हेंबरात तेच दोघं दोर घेऊन आले. चढण्याआधी त्यांच्यातला मोठा मला म्हणाला, “साहेब, थांबा जरा,” आणि फांदीच्या बुंध्यावर काठीने दोनदा टकटक केलं. जूनमध्ये रिकामी असलेल्या ढोलीतून एक पिंगळा बाहेर आला, ढोलीच्या तोंडावर बसला आणि आमच्याकडे डोळे वटारून पाहत राहिला. फांदी ढोलीच्या तीन फूट वरून कापली. उरलेला बुंधा आखूड आहे, अंगणवाडीपर्यंत पोचत नाही. मोजमाप पुस्तिकेत त्या कामासमोर शेरा आहे : ‘बुंधा राखून ठेवला, ढोलीत पिंगळा.’